घरच्या चविष्ट जेवणातून सकस आहाराची सुरुवात : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गेल्या काही वर्षांत 'क्लीन ईटिंग' हा शब्द मराठी घरांतही रुळला आहे आणि त्याच्या जोडीने क्विनोआ, बदामाचे दूध, ॲव्होकाडो अशी एक ठरावीक खरेदीही आली आहे. त्या खरेदीची गरज नाही. ज्वारी, तांदूळ, डाळी, कडधान्ये, हंगामी भाज्या आणि ताजे दही यांच्या आधारेच ही सवय कशी लावावी आणि चवीच्या बळावर ती कशी टिकवावी, याविषयी नेहमी विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांची उत्तरे येथे दिली आहेत. चवीवर इतका भर देण्याचे कारण सरळ आहे : बेचव अन्न केवळ आरोग्यासाठी म्हणून फार तर पंधरवडाभर खाल्ले जाते, आणि त्यानंतर घरातली माणसे पुन्हा फरसाणाच्या डब्याकडे वळतात.

'क्लीन ईटिंग' म्हणजे नेमके काय समजावे?

ज्या अन्नातला मूळ पदार्थ ओळखू येतो, जे शक्यतो घरी शिजवलेले असते आणि ज्यात कारखान्यात मिसळलेली स्वादद्रव्ये, रंग, घट्टपणा आणणारी द्रव्ये किंवा जादा साखर-मीठ नसते, अशा अन्नावर दिवसाचा बहुतेक आहार बेतणे, एवढाच त्याचा व्यवहारातला अर्थ आहे. ब्राझीलमधील साओ पाउलो विद्यापीठातील कार्लोस मोंतेइरो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मांडलेल्या 'नोव्हा' वर्गवारीत अन्नाचे चार गट केले आहेत. पहिल्या गटात धान्ये, डाळी, भाज्या, फळे, दूध, अंडी, मासे असे मूळ रूपातले किंवा किरकोळ प्रक्रिया केलेले अन्न येते. दुसऱ्यात तेल, तूप, मीठ, साखर हे स्वयंपाकाचे जिन्नस. तिसऱ्यात या दोहोंपासून तयार केलेले लोणचे किंवा चीज यांसारखे साधे प्रक्रियायुक्त पदार्थ. आणि चौथ्यात शीतपेये, झटपट नूडल्स, बहुतेक बिस्किटे व पाकिटातले चटकदार खाणे, म्हणजेच अतिप्रक्रियायुक्त पदार्थ. पोहे, मुरमुरे, रवा, डाळ यांवरही गिरणीत प्रक्रिया झालेली असते, पण ते चौथ्या गटात मोडत नाहीत. त्यामुळे 'प्रक्रिया झाली म्हणजे वाईट' असे मानून घाबरण्याचे कारण नाही. चौथा गट कमी करत जाणे हे खरे काम आहे.

हा फरक केवळ भावनेचा नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतील केव्हिन हॉल यांच्या चमूने २०१९ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात २० प्रौढांना दोन आठवडे अतिप्रक्रियायुक्त आणि दोन आठवडे साधे अन्न देण्यात आले. दोन्ही वेळी समोर ठेवलेल्या जेवणातील ऊर्जा, साखर, मीठ, स्निग्धांश आणि तंतू यांचा मेळ घातलेला होता, आणि हवे तेवढे खाण्याची मुभा होती. तरीही अतिप्रक्रियायुक्त अन्न मिळत असताना त्या माणसांनी दिवसाला सुमारे ५०० किलोकॅलरी अधिक खाल्ल्या आणि दोन आठवड्यांत त्यांचे वजन सरासरी ०.९ किलोने वाढले.

सुरुवात कोणत्या जेवणापासून करावी?

बहुतेक सल्ले नाश्त्यापासून सुरुवात करायला सांगतात. आमचे मत वेगळे आहे : सुरुवात संध्याकाळी चार ते सातच्या दरम्यानच्या खाण्यापासून करावी. मराठी घरात दुपारचे आणि रात्रीचे जेवण आजही बऱ्याच अंशी घरचेच असते. पाकिटे उघडली जातात ती कचेरीतून, शाळेतून परतल्यावर, चहाबरोबर. बिस्किटे, खारी, शेव, वेफर्स आणि अधूनमधून वडापाव यांतून दिवसभरातले पुष्कळसे मीठ, साखर आणि तळणीचे तेल याच तीन तासांत पोटात जाते.

या वेळेसाठी घरात तयार असलेले आणि खरोखर चवदार असे काही हवे, नाहीतर भूक लागलेला माणूस हाताला लागेल ते खातो. भाजलेले शेंगदाणे आणि फुटाणे. थोड्या तेलात लसूण, कढीपत्ता व मेतकूट घालून केलेला मुरमुऱ्यांचा भडंग. न तळता भाजून केलेला पातळ पोह्यांचा चिवडा. वाफवलेल्या मटकीत कांदा, कैरी किंवा लिंबू, कोथिंबीर घालून केलेली भेळ. उकडलेले रताळे, उकडलेल्या ओल्या शेंगा, मक्याचे कणीस. आणि उन्हाळ्यात आले-जिरे-हिंग लावलेले ताक, यांपैकी दोन गोष्टी रोज हाताशी ठेवाव्यात. पहिले दोन आठवडे एवढाच बदल केला तरी चालेल.

ताटात काय किती असावे?

हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने मे २०२४ मध्ये भारतीयांसाठी सुधारित आहार-मार्गदर्शिका प्रसिद्ध केली. दिवसाला २,००० किलोकॅलरी लागणाऱ्या व्यक्तीसाठी तिने सुचवलेले प्रमाण, शिजवण्यापूर्वीच्या वजनात, असे आहे : धान्ये २५० ग्रॅम, भाज्या ४०० ग्रॅम, फळे १०० ग्रॅम, डाळी-कडधान्ये किंवा अंडी-मासे-मांस ८५ ग्रॅम, दाणे व तेलबिया ३५ ग्रॅम, तेल-तूप २७ ग्रॅम, आणि दूध किंवा दही ३०० मिलिलिटर. धान्यांतून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांच्या आत राहावी, असेही तिचे म्हणणे आहे.

हे आकडे आपल्या ताटाशी ताडून पाहिले की दोष लगेच दिसतो. सकाळी पोहे किंवा उपमा, दुपारी तीन पोळ्या व भात, रात्री पुन्हा पोळी किंवा खिचडी, म्हणजे तिन्ही वेळा धान्यच प्रमुख; भाजी मात्र पोळीला लावण्यापुरती. एका मध्यम भाकरीला साधारण ५० ते ६० ग्रॅम पीठ लागते, यावरून २५० ग्रॅमचा हिशेब करता येईल. वजनकाटा घेऊन बसण्याची गरज नाही. भाजीची वाटी मोठी करावी, त्याखेरीज एक कोशिंबीर रोज असावी, आमटी पातळ करण्याऐवजी दाट करावी आणि भात किंवा पोळी यांपैकी एक कमी करावे, इतक्याने ताटाचा तोल पुष्कळ सुधारतो. नाश्त्यालाही हेच लागू आहे : पोह्यांत मटार, गाजर, फरसबी आणि मूठभर शेंगदाणे घातले, वर लिंबू पिळले, तर तेच पोहे अधिक सकस होतात आणि अधिक चविष्टही लागतात.

तेल आणि मसाला कमी केल्यावर जेवण बेचव होत नाही का?

मसाला कमी करायचाच नाही. कमी करायचे आहे ते तेल, मीठ आणि साखर; मसाला उलट अधिक ताजा आणि अधिक विचाराने वापरायचा आहे. घरच्या सकस जेवणाचे बहुतेक प्रयत्न याच ठिकाणी फसतात, म्हणून या उत्तरात थोडे सविस्तर लिहीत आहोत.

पहिली गोष्ट फोडणीची. मोहरी, जिरे, हिंग, हळद, कढीपत्ता यांचा स्वाद तेलात उतरतो आणि तेलामार्फत पदार्थभर पसरतो. त्यासाठी तेल तापलेले हवे, पुष्कळ नको. चार माणसांच्या आमटीला दोन चमचे तेल पुरते. लहान कढले घेऊन ते किंचित तिरके धरले की तेवढ्या तेलात मोहरी नीट तडतडते. मोहरी फुटण्याआधीच पुढचे जिन्नस टाकण्याची घाई झाली, तर फोडणीत कितीही तेल असले तरी आमटीला चव येत नाही.

दुसरी गोष्ट भाजण्याची. कांदा-खोबऱ्याचे वाटण पळीभर तेलात परतण्याऐवजी कांदा जाळावर किंवा तव्यावर कोरडा भाजावा, सुके खोबरे मंद आचेवर तांबूस करावे आणि मग वाटावे. खोबऱ्याचे स्वतःचे तेल त्यात असतेच. वांग्याचे भरीत हे याचे उत्तम उदाहरण आहे : विस्तवावर भाजलेल्या वांग्याला जी धुरकट चव येते ती तेलाने आणता येत नाही, आणि मग त्यात कच्चा कांदा, हिरवी मिरची, कोथिंबीर व चमचाभर फोडणी एवढेच लागते.

तिसरी गोष्ट आंबटाची. पदार्थात योग्य आंबटपणा असला की मीठ कमी असल्याचे चटकन जाणवत नाही. आपल्याकडे त्यासाठी आमसूल, चिंच, कैरी, लिंबू, ताक, टोमॅटो इतके पर्याय आहेत, आणि प्रत्येकाची जागा वेगळी आहे. तूरडाळीच्या आमटीला चिंच, मुगाच्या आमटीला आमसूल, पालेभाजीला ताक किंवा चुका, उसळीवर वरून लिंबू. आंबट घालायचे ते डाळ किंवा कडधान्य पूर्ण शिजल्यावर, कारण आधी घातल्यास दाणा लवकर मऊ होत नाही.

चौथी गोष्ट वाफेची. झाकणावर पाणी ठेवून भाजी तिच्याच वाफेवर शिजवण्याची आपली जुनी रीत आजही सर्वांत चांगली आहे. कोबी, दोडका, फरसबी, लाल भोपळा या भाज्या अशा पद्धतीने चमचाभर तेलात होतात, तळाला लागत नाहीत, आणि पाणी घालून उकळल्यावर जी चव व जी जीवनसत्त्वे पाण्यात जातात ती भाजीतच राहतात. शेवटी दाण्याचे कूट, ओले खोबरे किंवा भाजलेल्या तिळाचे कूट घातले की भाजी मिळून येते.

आणि मसाला ताजा हवा. धने, सुके खोबरे, तीळ, खसखस, दगडफूल, नागकेशर, दालचिनी, लवंग, तमालपत्र, जिरे, शहाजिरे यांचा गोडा मसाला वर्षाचा एकदम करून ठेवण्यापेक्षा दोन-तीन महिन्यांपुरता करावा. त्यातल्या खोबऱ्याला आणि तिळाला वास लागला की सगळी आमटी बिघडते. कोल्हापूरचा कांदा-लसूण मसाला, मालवणी मसाला, विदर्भ-खानदेशातला काळा मसाला, जो आपल्या घरचा असेल तो वापरावा. महिनाभर एकच चव खाऊन माणसे कंटाळतात. तीच मटकी एकदा गोड्या मसाल्यात आणि एकदा मालवणी वाटणात केली तर ती दोन वेगळी जेवणे होतात.

कोरड्या चटण्या खरोखर उपयोगी आहेत, की त्या केवळ तोंडीलावणे?

त्या या संपूर्ण दिनक्रमाचा कणा आहेत, असे आम्ही मानतो. जवस, कारळे, तीळ, शेंगदाणा, लसूण-खोबरे आणि कढीपत्ता यांच्या चटण्यांतून पोषण संस्थेने सांगितलेल्या तेलबियांचा वाटा सहज भरून निघतो, आणि दोन चमचे चटणी व दही असले की साधी भाकरी-भाजीही रुचकर लागते. जवसात अल्फा-लिनोलेनिक आम्ल हा ओमेगा-३ प्रकारचा स्निग्धांश असतो, जो शाकाहारी घरांत एरवी फारसा मिळत नाही.

जवसाची चटणी करताना एक वाटी जवस मंद आचेवर तडतडेपर्यंत भाजावेत. पाव वाटी सुके खोबरे आणि मूठभर कढीपत्ता वेगवेगळे कुरकुरीत करावेत. सगळे गार झाल्यावर आठ-दहा लसूण पाकळ्या, दोन चमचे लाल तिखट, चमचाभर जिरे आणि अर्धा चमचा मीठ घालून भरडसर वाटावे. एकसारखे जोरात फिरवल्यास तेल सुटून गोळा होतो, म्हणून मिक्सर थांबवत-थांबवत चालवावा. जवसाचा स्निग्धांश लवकर खवट होतो, त्यामुळे ही चटणी दहा-पंधरा दिवसांपुरतीच करावी, कोरडा चमचा वापरावा आणि उन्हाळ्यात ती फ्रिजमध्ये ठेवावी. शेंगदाण्याची चटणी सोलापुरी पद्धतीने खलबत्त्यात कुटली तर तिला स्वतःचेच तेल सुटते आणि वरून तेल घालावे लागत नाही.

तेल कोणते वापरावे आणि महिन्याला किती लागायला हवे?

वर दिलेल्या २७ ग्रॅमच्या हिशेबाने चार प्रौढांच्या घराला महिन्याला तेल आणि तूप मिळून सुमारे सव्वातीन किलो, म्हणजे साधारण साडेतीन लिटर पुरायला हवे. महिनाअखेरीस किती पिशव्या रिकाम्या झाल्या हे मोजणे, रोज चमचे मोजण्यापेक्षा सोपे आणि अधिक खरे असते. शेंगदाणा, करडई, तीळ, मोहरी यांपैकी दोन तेले आलटून-पालटून वापरावीत, कारण प्रत्येकातील स्निग्धाम्लांचे प्रमाण वेगळे असते. लाकडी घाण्याच्या तेलाला स्वाद चांगला असतो, परंतु त्यातून धूर लवकर निघतो, म्हणून ते फोडणीसाठी व वरून घालण्यासाठी योग्य. तळणीचे उरलेले तेल पुन्हा तळणीला वापरू नये. एक-दोन दिवसांत भाजीला संपवावे. साजूक तुपाला नकार देण्याचे कारण नाही, मात्र ते याच मापात धरावे.

मिठाचे काय करावे? सैंधव वापरले तर चालेल का?

जागतिक आरोग्य संघटनेने प्रौढांसाठी दिवसाला ५ ग्रॅमपेक्षा कमी मीठ सांगितले आहे. म्हणजे चार माणसांना महिन्याला ६०० ग्रॅम. ज्या घरात एक किलोची पिशवी महिन्यात संपते, तेथे माणशी आठ ग्रॅमहून अधिक मीठ स्वयंपाकातूनच जाते, आणि पापड, लोणचे, फरसाण, पाव यांतले मीठ त्याशिवाय. सैंधवातही मुख्यतः सोडियम क्लोराइडच असते, त्यामुळे ते वाटेल तेवढे वापरता येत नाही. शिवाय ते आयोडीनयुक्त नसेल तर आयोडीनही मिळत नाही. पोटॅशियम मिसळलेले 'कमी सोडियमचे' मीठ मूत्रपिंडाचा विकार असणाऱ्यांना किंवा रक्तदाबावरील काही औषधे घेणाऱ्यांना धोक्याचे ठरू शकते, म्हणून ते डॉक्टरांना विचारूनच घ्यावे. ताटात मीठ वाढणे बंद करावे आणि भाताच्या पाण्यात, कणकेत मीठ घालणे सोडावे. पहिले काही दिवस जेवण अळणी वाटेल, पण जिभेची सवय काही आठवड्यांत बदलते.

साखरेऐवजी गूळ किंवा मध घेतला तर?

चवीसाठी जरूर घ्यावा, आरोग्यासाठी म्हणून नव्हे. गुळात थोडी खनिजे असतात, परंतु त्याचा बहुतांश भाग साखरच असते आणि रक्तातील साखर तोही वाढवतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते वरून घातलेली साखर, गूळ, मध सर्व मिळून एकूण ऊर्जेच्या १० टक्क्यांच्या आत, आणि शक्यतो ५ टक्क्यांच्या आत, म्हणजे सुमारे २५ ग्रॅम असावी. दिवसातून तीन वेळा दोन-दोन चमचे साखरेचा चहा घेतला की ती मर्यादा तेथेच संपते. आमटीतला गुळाचा खडा हा प्रश्न नाही. खरा प्रश्न चहाचा आणि चहासोबतच्या बिस्किटांचा आहे.

भाकरी जमत नाही. मग काय करावे?

ज्वारी-बाजरीत ग्लुटेन नसते, म्हणून पीठ गव्हासारखे ताणले जात नाही. त्यासाठी पीठ ताजे दळलेले हवे, कारण जुन्या पिठाची विरी जाते आणि थापताना कडा फाटतात. एका भाकरीपुरतेच पीठ घेऊन कढत पाण्याने मळावे, तळव्याने चांगले रगडावे, मग थापावे. तव्यावर टाकल्यावर वरच्या बाजूला पाणी फिरवावे, ते सुकत आले की उलटावी आणि शेवटी विस्तवावर फुगवावी. थापणे अगदीच जमत नसेल तर उकड काढून लाटावी. बाजरीचे पीठ लवकर कडवट होते, तेव्हा ते आठवड्यापुरतेच दळून आणावे.

तरीही भाकरी हा एकमेव मार्ग नाही. भाजणीचे थालीपीठ, नाचणीचे घावन, आंबोळी, धिरडे, ज्वारीची उकडपेंडी यांतूनही हीच धान्ये पोटात जातात. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलीग्रॅम कॅल्शियम असते, आणि दूध न आवडणाऱ्या मुलांसाठी नाचणीचे घावन किंवा आंबील ही फार चांगली सोय आहे.

शाकाहारी घरात प्रथिने पुरेशी कशी मिळतील?

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने प्रौढांसाठी वजनाच्या प्रत्येक किलोमागे दिवसाला ०.८३ ग्रॅम प्रथिनांची शिफारस केली आहे. ६० किलोच्या व्यक्तीला म्हणजे सुमारे ५० ग्रॅम. कोरड्या डाळी-कडधान्यांत १०० ग्रॅमला २० ते २५ ग्रॅम प्रथिने असतात, त्यात दही, शेंगदाणे आणि धान्यांतली प्रथिने मिळवली की ही गरज भुकटीच्या डब्याशिवाय भागते. अट एवढीच की रोज एक वेळ वरण किंवा आमटी आणि एक वेळ उसळ किंवा पिठले असलेच पाहिजे. डाळीतील आणि धान्यातील प्रथिने एकमेकांची उणीव भरून काढतात, म्हणून वरण-भात, भाकरी-पिठले या जोड्या उत्तम आहेत.

मटकी किंवा मूग आठ-दहा तास भिजवून, निथळून, ओल्या फडक्यात बांधून उबेला ठेवावेत. उन्हाळ्यात बारा तासांत आणि थंडीत दिवस-दीड दिवसात मोड येतात. मोड आल्यावर लोह अडवून ठेवणारे फायटेट कमी होतात आणि क जीवनसत्त्व वाढते. वरून लिंबू पिळल्याने लोह आणखी चांगले शोषले जाते, आणि जेवणाबरोबर घेतलेला चहा नेमके उलटे करतो, म्हणून जेवण व चहा यांत तासाभराचे अंतर ठेवावे. लहान मुले, वृद्ध आणि गर्भवती यांना मोड कच्चे देऊ नयेत. पूर्ण शिजवून द्यावेत.

मासे खाणाऱ्यांनी बांगडा आणि तारली यांना कमी लेखू नये. सुरमई-पापलेटपेक्षा ते स्वस्त असतात, त्यांत ओमेगा-३ भरपूर असते, आणि तिरफळ घातलेले बांगड्याचे तिखले जेमतेम तेलात होते.

आम्ही दोघेही नोकरी करतो. रोज एवढे कोण करणार?

रोजचा स्वयंपाक चाळीस-पन्नास मिनिटांत व्हायचा असेल तर त्याची तयारी सुटीच्या दिवशी दोन तासांत करून ठेवावी लागते, आणि त्या दोन तासांत घरातल्या सर्वांचे हात लागले पाहिजेत. एकट्या बाईवर टाकलेला सकस आहार टिकत नाही आणि टिकू नये. शेंगदाणे भाजून कूट करणे, दोन चटण्या, चिंचेचा कोळ, लसूण सोलणे, पालेभाजी निवडून कोरड्या फडक्यात गुंडाळणे, दोन कडधान्ये भिजत घालणे आणि कांदा-खोबऱ्याचे वाटण करून छोट्या डब्यांत गोठवणे, ही ती कामे. शेंगदाणे मुले भाजू शकतात आणि लसूण आजोबाही सोलू शकतात.

मग सोमवारी ज्वारीची भाकरी, मटकीची उसळ, काकडीची कोशिंबीर. मंगळवारी पोळी, दुधीची मूगडाळ घालून भाजी, ताक आणि जवसाची चटणी. बुधवारी दमून आल्यावर मुगाची खिचडी, कढी आणि वाफवलेल्या गाजर-फरसबीला तिळाचे कूट, असे दिवस सहज निघतात. शिजवलेली भाजी किंवा उसळ फ्रिजमध्ये दोन-तीन दिवस राहते. भात मात्र तासनतास ओट्यावर ठेवू नये : बॅसिलस सिरियस नावाच्या जंतूचे बीजाणू शिजवूनही टिकतात आणि उबदार भातात वाढून विष तयार करतात. उरलेला भात पसरून लवकर गार करावा, फ्रिजमध्ये ठेवावा आणि दुसऱ्या दिवशी कडकडीत गरम करून संपवावा.

भाज्या महाग झाल्यावर हे कसे परवडते?

हंगामाप्रमाणे खरेदी केल्यास परवडते. थंडीत मेथी, पालक, हरभऱ्याचा पाला, गाजर, पावटा, मटार. उन्हाळ्यात शेवगा, गवार, काकडी, लाल भोपळा, कैरी. पावसाळ्यात अळू, आणि कोकण-घाटमाथ्याच्या बाजारांत आदिवासी बायका आणतात त्या टाकळा, कर्टोली, शेवळे, फोडशी यांसारख्या रानभाज्या. शेवळे घशाला खाजतात, त्यामुळे ती काकडाच्या फळांसोबत किंवा चिंचेत, आणि माहीतगाराला विचारूनच करावीत. पाकिटांवरचा जो खर्च वाचतो, तो बहुतेक घरांत भाजीच्या वाढलेल्या खर्चाच्या आसपास जातो.

पाकिटावरचे लेबल कसे वाचावे?

घटकांची यादी वजनाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेली असते, म्हणून पहिली तीन नावे आधी वाचावीत. 'मल्टिग्रेन' बिस्किटात मैदा, साखर आणि पामतेल हीच तीन नावे आली, तर पुढे लिहिलेल्या नाचणीला फारसा अर्थ उरत नाही. मीठ काढण्यासाठी सोडियमचा आकडा अडीचने गुणावा : ८०० मिलीग्रॅम सोडियम म्हणजे दोन ग्रॅम मीठ. आकडे १०० ग्रॅमचे आहेत की एका वाढपाचे, हेही पाहावे. 'साखर घातलेली नाही' असे लिहिलेल्या पदार्थात माल्टोडेक्स्ट्रिन असू शकते, आणि तेही रक्तातील साखर झपाट्याने वाढवते.

उपवासाच्या दिवशी काय करावे?

साबुदाण्यात स्टार्चशिवाय फारसे काही नसते, आणि खिचडी तुपात व बटाट्यात परतून जड होते. वरईचे तांदूळ व दाण्याची आमटी, राजगिऱ्याचे थालीपीठ, काकडीची दाण्याचे कूट घातलेली कोशिंबीर, रताळ्याचा कीस, दही आणि फळे हा उपवास अधिक पोटभरीचा व अधिक रुचकर असतो. वरईचे पीठ मात्र सुटे व जुने घेऊ नये. त्यावर बुरशी धरून विषबाधा होऊ शकते. तांदूळ आणून घरीच दळावेत.

परदेशात राहून हे जमते का?

जमते. गोठवलेली मेथी, पालक, मटार, फरसबी या भाज्या पोषणाच्या दृष्टीने ताज्याच्या तोडीच्या असतात आणि त्यांना कमी मानण्याचे कारण नाही. डब्यातले चणे-राजमा पाण्याखाली नीट धुतल्यास त्यांतले बरेचसे मीठ निघून जाते. ज्वारीचे पीठ दुकानात किती दिवस पडून होते हे कळत नसल्याने भाकरी तुटते. अशा वेळी उकड काढावी किंवा त्याच पिठाचे थालीपीठ लावावे. आमसूल, गोडा मसाला आणि मेतकूट भारतातून नेता येतात, परंतु त्या देशाचे अन्नपदार्थांविषयीचे नियम आधी पाहावेत.

घरात कोणाला मधुमेह किंवा दुसरा विकार असेल तर?

आहार बदलण्याआधी डॉक्टरांशी बोलावे, कारण आहारासोबत औषधाचे प्रमाणही बदलावे लागू शकते. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या काही गोळ्या घेणाऱ्या व्यक्तीने पोळी-भात एकदम कमी केला तर रक्तातील साखर धोकादायक पातळीपर्यंत खाली जाऊ शकते. मूत्रपिंडाच्या रुग्णांना डाळी, फळे, पालेभाज्या यांचे प्रमाण तज्ज्ञांकडून ठरवून घ्यावे लागते, आणि वॉरफरिनसारखे रक्त पातळ करणारे औषध चालू असताना पालेभाज्या अचानक वाढवू नयेत.

लग्नकार्य, प्रवास, हॉटेल यांचे काय?

आठवड्यातल्या एकवीस वेळच्या खाण्यापैकी अठरा-एकोणीस वेळा घरचे खाल्ले जात असेल, तर उरलेल्या दोन-तीन वेळा मन लावून आणि अपराधी न वाटून घेता खावे. पंगतीत श्रीखंड-पुरी आवडत असेल तर ती जेवावी आणि न आवडणारे चार पदार्थ वाढून घेऊ नयेत. मिसळ खायची तर तर्री वेगळी मागावी, फरसाण थोडे घ्यावे आणि उसळ अधिक. रेल्वेच्या प्रवासाला दशम्या, शेंगदाण्याची चटणी आणि केळी बरोबर असली की स्थानकावरचे तळण आपोआप टळते. दुधात भिजवलेल्या दशम्या दोन दिवस मऊ राहतात.